वारा नसताना

खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत
तळमजल्यावरच्या सव्वीस कुंड्या माझ्याकडे.
त्यांतल्या अकरा प्लास्टिकच्या.
पाणी पंधरांना, ओलं फडकं सगळ्यांना,
आणि खऱ्या कुठल्या, खोट्या कुठल्या
हे पाहुण्यांना कळता कामा नये.
फिलोमिना मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शनिवार होता. सरकते दरवाजे बंद.
एसी चालू, पण त्याचा वारा लागत नाही,
नुसतं गार होत जातं, शिळ्या भाकरीसारखं.
सव्वीस झाडांचं एक पान हलत नव्हतं.
आणि बांबूची एक काडी हलत होती.

प्लास्टिकच्या बांबूची.

थोडी पुढे, थोडी मागे,
थांबून परत थोडी पुढे.
डोंगरातून खाली उतरणारी झुळूक
करवंदीच्या जाळीत शिरली
की बारक्या फांद्या जशा डुलतात, तशी.

माझा हात आपोआप पदराकडे गेला.
पदर डोक्यावर आला.
बा म्हणायचा, डोईवर फडकं घे गं पोरी,
हरणटोळ वरनं बघतो आन् टाळूवर बसतो.
म्हशींमागे जाताना आम्ही सगळी पोरं
मे महिन्यातही डोकी बांधून.
वीस वर्षं झाली. टाळूला अजून आठवतं.

मग तो नीट दिसला.
पोपटी, करंगळीहून बारीक, माझ्या वावेला पुरेल इतका.
नाक अणकुचीदार, पेन्सिलीला टोक काढल्यासारखं.
डोळ्यातली बाहुली आडवी,
कुलपाचं भोक कुणी निजवून ठेवावं तशी.
गेल्या मंगळवारी पिरंगुटच्या नर्सरीतून
अरेका पामचा टेम्पो आला होता,
त्यातूनच आला असणार.
चार दिवस माणसं त्याच्याखाली कॉफी पीत होती.
कुणाला दिसला नाही.
मलाही नसता दिसला
जरा गप्प राहिला असता तर.

पण त्याला एवढंच ठाऊक
की फांदी व्हायचं तर डुलावं लागतं.
वारा कधी नसतोच कुठे,
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

कोंढव्याचा नौशाद आला, हुकाची काठी घेऊन.
काठी वापरलीच नाही, हातावर घेतला.
सापानं तोंड वासलं, अंग फुगवलं,
खवल्यांमधून काळेपांढरे चौकडे दिसले.
थोडं विष असतं, तो म्हणाला, पण सरड्यापुरतं.
माणसाला फार तर सूज.
आणि टाळू, मी विचारलं.
तो हसला. टाळूबिळू काही नाही ताई.

म्हणजे बा जन्मभर उगाच भ्यायला.
जिवंत असता तर सांगितलं असतं का त्याला,
माहीत नाही.

वनखात्यात नोंद करतो, नौशाद म्हणाला,
ते ताम्हिणीत सोडतील.
ताम्हिणीत कुठे?
ते त्याला ठाऊक नव्हतं.
मला म्हणायचं होतं, धामणओहोळच्या वरच्या अंगाला सोडा,
पाण्याच्या टाकीमागे जाळी आहे,
तिथे दुपारी चारनंतर चांगला वारा असतो.
पण पिशवीची गाठ मारून झाली होती
आणि मॅडम पावतीवर सही मागत होत्या.

आता शनिवारी कुणी नसताना
पाणी घालून झालं की मी एकेक कुंडी हलवते.
खोड धरून, हलकेच. प्लास्टिकच्या अकराही.
पुढे, मागे, थांबून परत पुढे.
एकदा मॅडमनी कॅमेऱ्यात बघितलं.
ठकूताई, हे काय करता?
धूळ झटकते, मी म्हटलं.

आणखी कुणी आत राहिला असेल
तर त्याला तेवढीच
पाच मिनिटं डुलायची सोय.